‘मृत्युंजय’वर वाचकांचं एकमत का होत नाही

बार्शी तालुक्यातल्या वैरागसारख्या मोठ्या गावात वाचणारी माणसं एकत्र आली आणि बोलणं कादंबऱ्यांवर गेलं, की ‘मृत्युंजय’चं नाव निघतंच. पुढे काय ऐकायला मिळेल, याचा मात्र नेम नाही. कुणी सांगतो, आयुष्यात एकच कादंबरी वाचायची असेल तर ही वाचा. कुणी म्हणतो, अठराव्या वर्षी वाचताना डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं, चाळिशीत पुन्हा हातात घेतली तर दोन प्रकरणांपुढे जाता आलं नाही. एखादी शिक्षिका स्पष्ट विचारते, भर सभेत एका बाईची विटंबना चालू असताना जो तिलाच अपशब्द बोलतो, त्याच्यासाठी मी का रडायचं? आणि अभ्यासिकेत दिवस काढणारा एखादा मुलगा तितक्याच ठामपणे म्हणतो, मला अवघड दिवसांत या पुस्तकाने उभं केलं, त्याला नावं ठेवू नका.

शिवाजी सावंतांची कर्णावरची ही कादंबरी १९६७ साली आली तेव्हा लेखक सत्ताविशीत होता. आजऱ्यात जन्मलेला आणि कोल्हापुरात शिक्षकी करणारा हा तरुण पुढे मराठीतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखकांत गणला गेला. हिंदीसह अनेक भारतीय भाषांत आणि इंग्रजीत कादंबरी गेली, तिला १९९४ चा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्यांनी ती वाचली. एवढ्या काळात एखाद्या पुस्तकाबद्दलची मतं निवळतात. इथे ती निवळली नाहीत, आणि मला हे चांगलं लक्षण वाटतं. कर्ण चांगला की वाईट, हा या वादाचा वरचा थर झाला. खाली वेगळाच प्रश्न आहे. राजघराणी, वारसाहक्क, कट, युद्ध आणि अद्भुत यांची एवढी अजस्र गोष्ट हातात घेताना वाचक तिच्याकडे काय मागतो? ज्याची मागणी वेगळी, त्याचा निकाल वेगळा.

महाभारत आपल्या भागात कादंबरीच्या कितीतरी आधी पोचलं, तेही सोलापूर जिल्ह्यातल्याच माणसाच्या हातून. नाझऱ्याचे श्रीधर स्वामी पंढरपुरात राहिले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ असे ग्रंथ ओवीत रचले. चातुर्मासात देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर एकाने ओव्या वाचायच्या, दुसऱ्याने अर्थ लावायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, ही रीत गावोगाव होती. ‘पांडवप्रताप’ कुणाच्या बाजूने आहे, ते नावातच दिसतं. पण त्याच गावात कीर्तनकार दानाचा महिमा सांगायला उभा राहिला, की दाखला कर्णाचा यायचा. दुर्योधनाचा साथीदार कर्ण आणि मागेल त्याला देणारा कर्ण, हे दोघे ऐकणाऱ्याच्या मनात शेजारीशेजारी नांदत होते. त्यांच्यात भांडण लावायची गरज कुणाला वाटली नाही.

हे बदललं ते कादंबरीमुळे. पोथी सगळ्यांनी मिळून ऐकायची असते, कादंबरी एकट्याने वाचायची. एकट्याने, रात्री दिव्याखाली, कर्ण ‘मी’ म्हणून बोलायला लागला की वाचणारा त्याच्या शेजारी जाऊन बसतो. शेजारी बसलेल्या माणसाचा न्यायनिवाडा करणं सोपं नसतं. ‘मृत्युंजय’बद्दलचं प्रेम आणि तिच्यावरचा राग, दोन्हींचं मूळ मला या बैठकीत दिसतं.

राजवाडे, कट आणि अद्भुत यांनी भरलेल्या कादंबरीवरून मराठी वाचकांत मतभेद होणं तर फार जुनं आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, विधवांच्या स्थितीवरचं. ते वाचलं गेलं, पण वाचकांना गोडी लागली ती लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ची, १८६१ पासून. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ मध्ये ‘मंजुघोषा’ लिहिली आणि प्रस्तावनेत आपल्या वाटेचं समर्थनही केलं: आपल्या लोकांच्या संसारात रंजक म्हणावं असं फारसं काही घडतच नाही, तेव्हा अद्भुताचा आश्रय घेण्यावाचून लेखकाला इलाज नाही. हे समर्थन मला नेहमी अस्वस्थ करतं. १८५७ नंतर अवघ्या दशकभरात एक मराठी लेखक म्हणतो की आपल्या आयुष्यात सांगण्याजोगं काही नाही. राज्य गेलेलं, दरबार गेलेले, निर्णय घेणारे सगळे परके. अशा वेळी कल्पनेतला राजा, कल्पनेतला सेनापती आणि कल्पनेतलं कारस्थान एवढाच सत्तेचा खेळ वाचकाच्या हातात उरतो. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल म्हणजे कादंबरी आणि नाटक यांच्यावर निबंध लिहून या प्रकाराची झडती घेतली. वि. का. राजवाड्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या निबंधात सगळ्या मराठी कादंबरीचा हिशेब मांडला. तरी नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली तेव्हा वाचकांनी ती डोक्यावर घेतली. सिंहगडावर शिकारीला गेला असता कड्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेला हा लेखक अंथरुणावरून राज्यं उभी करत होता आणि महाराष्ट्र ती वाचत होता. टीकाकार एका बाजूला आणि वाचनालयातली मागणी दुसऱ्या बाजूला, ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

पुढे भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशी तीन आरंभस्थानं धरली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, ऐतिहासिक. नेमाड्यांचा कल पहिल्या वाटेकडे होता, हे वेगळं सांगायला नको. महाविद्यालयांत मराठी शिकलेल्या दोन पिढ्यांवर या मांडणीचा प्रभाव पडला. परिणाम असा झाला, की ‘मृत्युंजय’ आवडते असं वर्गात म्हणणं कमीपणाचं वाटू लागलं. सोलापुरात एम. ए. करून परत आलेले काही जण आजही हे पुस्तक घरात ठेवतात आणि चर्चेत त्याचं नाव टाळतात. मला हे योग्य वाटत नाही. जे पुस्तक आपल्याला घडवून गेलं त्याच्याशी भांडावं, पण ओळख नाकारू नये.

१९६६-६७ ही दोन वर्षं या सगळ्या विषयात फार महत्त्वाची आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ मध्ये पूर्ण झालं. वि. सु. सुखठणकरांसारख्या विद्वानांनी देशभरातली हस्तलिखितं ताडून पाहिली, मागाहून घातलेले श्लोक मूळ पाठातून काढून तळटिपांत आणि परिशिष्टांत नेले. पुढच्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ पुस्तकरूपाने आलं. त्याच वर्षी ‘मृत्युंजय’ आली. आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमही १९६७ चाच. या कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, अ-ब-क-ड असे दर्जे ठरले, तालुक्याच्या गावाबाहेरही पुस्तकं जाऊ लागली. त्या प्रवाहातून खेड्यात पोचलेल्या पुस्तकांत ‘मृत्युंजय’ पुढे होती. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी ते तितक्या कपाटांपर्यंत गेलं नाही. एकाच वर्षी निघालेली, एकाच महाभारतावरची ही दोन पुस्तकं बहुतेक वाचकांच्या हातात एकत्र कधी पडलीच नाहीत. वादाचा मोठा भाग या एका गोष्टीमुळे आंधळा राहिला, असं माझं मत आहे.

एक उदाहरण घेऊ. द्रौपदी स्वयंवरात कर्णाला ‘सूताला मी वरणार नाही’ अशा अर्थाचं बोलते आणि त्या अपमानाची आग द्यूतसभेपर्यंत पेटती राहते, अशी आपली सगळ्यांची समजूत आहे. नाटकांत, मालिकांत, कादंबऱ्यांत हा प्रसंग आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र द्रौपदीचं हे नाकारणं मूळ पाठात नाही, ते खाली टिपांत गेलं आहे. म्हणजे कर्णाच्या बाजूने उभा राहणारा वाचक ज्या प्रसंगाचा आधार घेतो, तो महाभारतात मागाहून शिरला असण्याची दाट शक्यता आहे. कादंबरीकाराला परंपरेतला कुठलाही प्रसंग घेण्याची मुभा आहे, त्यात चूक काही नाही. पण वाचकाने निदान एवढं जाणावं, की द्रौपदीवरचा त्याचा राग ज्या पायावर उभा आहे तो पाया भक्कम नाही.

इथल्या एका वाचनालयात ‘मृत्युंजय’ची जुनी प्रत मी बराच वेळ चाळली. पुठ्ठा नवा, शिवण दुसऱ्यांदा घातलेली, बांधणीत कडा कापल्यामुळे समासातल्या काही शेऱ्यांचे अर्धेच शब्द उरलेले. जिथे जिथे कर्णाला कुळावरून हिणवलं जातं तिथे पेन्सिलीच्या रेघा दाट, काही ठिकाणी कागद फाटेल इतक्या दाबून ओढलेल्या. द्यूतसभेच्या पानावर एका अक्षरात ‘हे चूक’ असा शेरा होता. त्याच्याखाली वेगळ्या शाईत आणि वेगळ्या वळणात प्रतिप्रश्न होता: ‘आधी कोणी केलं?’ त्याखाली आणखी कुणी तरी काही लिहून खोडलेलं. एकमेकांना न भेटलेली माणसं त्या समासात भांडत होती. युद्धनीतीची, तहाची, सल्लामसलतीची पानं त्या मानाने स्वच्छ होती. वाचकाला या पुस्तकातून काय हवं होतं, हे त्या रेघांवरून मला जितकं कळलं तितकं समीक्षेच्या पुस्तकांतून कळलं नाही.

कारण हा वाचक कोण आहे, तेही पाहायला हवं. ज्वारीच्या आणि कांद्याच्या पट्ट्यातला, घरातला पहिला शिकणारा मुलगा. शाळेत हुशार, पण नाव विचारल्यावर पुढचा प्रश्न आडनावाचा येतो हे अनुभवलेला. त्याच्यासमोर कुणी तरी एक माणूस उभा करतं, ज्याची विद्या सगळ्यांना मान्य आहे आणि तरी रंगभूमीवर त्याला कुळ विचारलं जातं. हे त्याच्या आयुष्यात घडून गेलेलं असतं. मराठी कादंबरीत त्याच्या जागी उभं राहून बोलणारं तोवर फार कुणी नव्हतं. दलित साहित्याची लाट जोर धरत होती, पण खेड्यातल्या वाचनालयात ती पोचायला वेळ लागला. ‘मृत्युंजय’ आधी पोचली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं आज ती वाचतात, त्यामागेही हीच ओढ आहे. त्यांना कर्ण म्हणजे परिस्थितीने अडवलेला, तरी हार न मानणारा माणूस वाटतो. हे वाचन अर्धवट असेल, खोटं नाही.

पण याच ठिकाणी या कादंबरीबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. कुळावरून अपमानित झालेल्या वाचकाला ती शेकडो पानं आपलंसं करते आणि शेवटी त्याच्या हातात काय ठेवते? कर्ण सूतपुत्र नव्हताच, तो सूर्याचा आणि कुंतीचा मुलगा होता. त्याचं तेज, कवच, कुंडलं, पराक्रम, सगळं त्या जन्मातून आलेलं. म्हणजे अपमान करणाऱ्यांची चूक एवढीच की त्यांनी माणूस ओळखला नाही. कुळावरून माणूस जोखणं चूक आहे, हे ठामपणे म्हटलंच जात नाही. ही अडचण मूळ महाभारतातली आहे, सावंतांनी ती निर्माण केलेली नाही. पण सगळं वजन अपमानावर टाकणाऱ्या कादंबरीने ती सोडवायला हवी होती. खऱ्या सूताच्या घरी जन्मलेल्या, अंगावर कवच नसलेल्या मुलाचं काय? शोण, कर्णाचा धाकटा भाऊ, या कादंबरीत बोलतो, पण तो बोलतो दादाबद्दल. स्वतःच्या वाट्याला आलेल्या सूतपणाबद्दल त्याने बोलावं, असं मला फार वाटतं.

हा आक्षेप मी प्रथम एका वाचकाकडून ऐकला. साखर कारखान्यात नोकरी केलेले हे गृहस्थ तरुणपणी कर्णाचे भक्त होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मला वाटलं होतं पुस्तक माझ्याबद्दल आहे, शेवटी कळलं ते राजपुत्राबद्दल होतं.

दुसऱ्या बाजूचे आक्षेप बहुतेकांना ठाऊक असतात, कारण ते जाहीरपणे मांडले गेले. दाजी पणशीकरांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ या नावाचं पुस्तकच लिहिलं आणि कादंबऱ्यांनी उभ्या केलेल्या कर्णाला व्यासांच्या कर्णासमोर आणून उभं केलं. घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण निघून जातो. विराटाच्या गायी पळवताना एकट्या अर्जुनापुढे कौरवांचं सगळं सैन्य हरतं, त्यात कर्णही असतो. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगणारा तोच असतो. अभिमन्यूला घेरणाऱ्यांत तो असतो. हे सगळं महाभारतात आहे आणि ते पुसता येत नाही. पणशीकरांच्या वाचकांना म्हणूनच ‘मृत्युंजय’ म्हणजे फसवणूक वाटते. मी त्यांच्याशी अर्धाच सहमत आहे. महाभारतातल्या कर्णाचा काळा भाग खरा, तसा त्याचा उजळ भागही खरा. उद्योगपर्वात कृष्ण त्याला राज्य देऊ करतो, जन्माचं रहस्य सांगतो, आणि तो ते नाकारतो, त्याला वाढवणाऱ्या अधिरथ आणि राधा यांच्या प्रेमाचा दाखला देऊन. व्यासांनी तो प्रसंग ज्या उंचीवर नेला आहे, तिथे कुठलीही कादंबरी पोचलेली नाही.

इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये कर्णावरच्या प्रकरणाला ‘कोऽहम्’ असं नाव दिलं. मी कोण, या प्रश्नाने आयुष्यभर पछाडलेला माणूस, म्हणून प्रत्येक वेळी प्रमाण सुटणारा: देताना जास्त देणारा, बोलताना जास्त बोलणारा. हे वाचन कर्णावर प्रेमही करत नाही, त्याला धुडकावतही नाही. बाईंचं काम कठोर आहे. द्रौपदीवरही त्यांनी ठपका ठेवला आहे की भर सभेत धर्मशास्त्राचा मुद्दा काढून वाद घालणं ही तिची घोडचूक होती. इथे मात्र मी बाईंच्या बाजूने नाही. दासी झालेल्या माणसाला बोलायला दुसरं कुठलं हत्यार होतं? वाचणाऱ्या अनेक स्त्रियांचं मतही असंच पडतं. ‘मृत्युंजय’बद्दल पुरुष वाचक आणि स्त्री वाचक यांचा कौल किती वेगळा पडतो, हे मी गावातल्या बोलण्यात वारंवार पाहिलं आहे. पुरुष कर्णाची जखम मोजतात. स्त्रिया विचारतात, त्या जखमेची किंमत द्रौपदीने का भरायची? कादंबरीने कुंतीला आणि कर्णाची पत्नी वृषाली हिला कथन दिलं, द्रौपदीला दिलं नाही. एवढी एक निवड सगळं सांगून जाते.

मग कादंबरी म्हणून हिचं मोल काय? बांधणी पाहा. नऊ कथनं आणि सहा बोलणारे: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण. त्या काळच्या मराठी कादंबरीत एवढा मोठा डाव मांडणं धाडसाचं होतं. पण सहा माणसं बोलवायची ती कशासाठी? एकच घटना सहा डोळ्यांनी वेगळी दिसावी म्हणून. ‘मृत्युंजय’मध्ये सहाही जण शेवटी एकाच माणसाच्या बाजूने साक्ष देतात. याच्या शेजारी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ठेवा, १९५९ ची. सोलापूरच्या १९४१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून खांडेकर या जिल्ह्यात आले होते, तेव्हा ही कादंबरी अजून दूर होती. तिच्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे बोलतात. ययातीला जे प्रेम वाटतं ते देवयानीला फसवणूक वाटते, आणि शर्मिष्ठेला तिसरंच काही. वाचकाला स्वतः ठरवावं लागतं. खांडेकरांची भाषा आज जड वाटते, सुभाषितांचा भार होतो, तरी या एका बाबतीत ‘ययाति’ पुढे आहे.

भाषेबद्दलही दोन तट आहेत. सावंतांच्या अलंकारांनी भारावलेले वाचक परिच्छेदच्या परिच्छेद पाठ म्हणतात. दुसऱ्यांना वाटतं, प्रत्येक पानावर सूर्य तळपतोय, विसावा कुठेच नाही. माझं मत असं, की हे पुस्तक मोठ्याने वाचायचं आहे. वक्तृत्वाची घडण असलेलं गद्य डोळ्यांनी वाचलं की शिणवतं, कानांनी ऐकलं की धरून ठेवतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी आपण मनातल्या मनात मोठ्यानेच वाचत असतो. चाळिशीतल्या वाचकाला तेच पुस्तक का रुचत नाही, याचं थोडं उत्तर इथेही असावं.

राजकारणाच्या बाबतीत मात्र कादंबरी कमी पडते. हस्तिनापूरचा दरबार तिच्यात अपमान आणि प्रतिज्ञा यांचा रंगमंच होतो. सत्ता चालते कशी, पांचालांशी सोयरीक झाल्याने बळाचं गणित कसं बदललं, राजांनी बाजू का निवडल्या, याला जागा थोडी. अंगदेशाचा राजा म्हणून कर्ण काय करत होता, याला त्याच्या जखमेच्या मानाने फारच थोडी. दुर्योधनाच्या कथनात तेवढी सत्तेची भाषा ऐकू येते आणि मला तो भाग म्हणूनच आवडतो. ज्या वाचकाला राजकारण हवं आहे त्याने ‘युगान्त’मधलं ‘मयसभा’ हे प्रकरण वाचावं. खांडववन जाळलं ते जमिनीसाठी, तिथे राहणाऱ्या लोकांना संपवून, हे इरावतीबाईंनी त्यात थेट सांगितलं. किंवा भैरप्पांची ‘पर्व’ वाचावी. मूळ कन्नड कादंबरी १९७९ ची, मराठीत उमा कुलकर्णींनी आणली. सोलापूर जिल्हा कन्नड मुलखाला लागून आहे, इथल्या कितीतरी घरांत दोन्ही भाषा बोलल्या जातात, तरी ‘पर्व’ इथे उशिरा आणि मोजक्यांपर्यंत पोचली. भैरप्पांनी चमत्कार सगळे काढून टाकले. उरतात म्हातारे होत चाललेले योद्धे, नियोगाच्या गुंत्यात अडकलेली घराणी, अन्नाचा तुटवडा आणि युद्धानंतरची घाण. ‘मृत्युंजय’वर वाढलेला वाचक ‘पर्व’ वाचताना अस्वस्थ होतो, काही जण चिडून ठेवून देतात. देव काढून घेतल्यावर आमच्याजवळ काय उरलं, असं एका वाचकाने मला विचारलं. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अद्भुत हे नुसतं रंजन नसतं. अन्याय सहन केलेल्याला कुठे तरी सूर्य साक्षी आहे, एवढा आधार त्यात असतो.

रणजित देसाईंच्या ‘राधेय’चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७३ ची ही कादंबरी आटोपशीर आणि हळवी आहे. ‘मृत्युंजय’ लांब वाटणाऱ्यांना ती आवडते. मला त्यात कर्ण फारच सोज्वळ झालेला दिसतो.

चमत्कार नको आणि राजवाडाही नको, सत्ता मात्र आतून दाखवा, अशी मागणी करणाऱ्या वाचकाला मराठीत अरुण साधू भेटले. ‘मुंबई दिनांक’ आणि १९७७ ची ‘सिंहासन’ यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ हा चित्रपट काढला. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, पत्रकार, सगळे आपापल्या हिशेबात. वाचकाने कुणाच्या बाजूने उभं राहावं, याची सोय साधूंनी केलेली नाही. म्हणून सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकांना ती लगेच पटते, पण कुणी ती उराशी धरत नाही. ‘मृत्युंजय’ उराशी धरतात, पण तिच्यातून राजकारण शिकत नाहीत. या दोन कादंबऱ्यांच्या मधली जागा मराठीत अजून बरीचशी मोकळी आहे.

त्या मोकळ्या जागेत अलीकडे बाहेरची पुस्तकं येऊन बसली. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा, पुढचे दोन अजून वाचकांच्या हातात आलेले नाहीत. २०११ ते २०१९ या काळात त्यावरची दूरचित्रवाणी मालिका जगभर पाहिली गेली, आपल्याकडच्या मुलांनी मोबाइलवर पाहिली. मग काहींनी इंग्रजीचा धसका घेत घेत पुस्तकंही वाचली. तिथेही प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून आहे, तिथेही अनौरस मुलगे, वारसा आणि शपथा आहेत. पण ज्याला आपण नायक समजतो तो सरळ माणूस पहिल्याच खंडात मारला जातो, आणि ज्याचा द्वेष करत असतो त्याचं म्हणणं पुढे त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. हे वाचून ‘मृत्युंजय’कडे वळलेला मुलगा म्हणतो, इथे शत्रूचं म्हणणं ऐकायलाच मिळत नाही, अर्जुन कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. त्याच मुलाला मी उलट विचारलं, मार्टिनची पाच पुस्तकं वाचून तू कुणासाठी रडलास? त्याने बराच विचार केला आणि कुणासाठीच नाही, असं प्रामाणिकपणे सांगितलं.

इतिहासावरच्या कादंबऱ्यांत हाच वाद जास्त धारदार होतो, कारण तिथे कागदपत्रं असतात. सावंतांचीच ‘छावा’ १९७९ मध्ये आली आणि २०२५ च्या चित्रपटामुळे पुन्हा घरोघर पोचली. तिच्याआधी वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी संभाजी महाराजांची साधार चरित्रं लिहिली होती. कादंबरी वाचणाऱ्या दहा जणांतल्या एखाद्याने तरी ती उघडावीत. नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’च्या वेळी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. वाचकाने कादंबरीवर प्रेम करत करत तिची उलटतपासणी कशी घ्यावी, याचा तो मराठीतला उत्तम नमुना आहे. ‘मृत्युंजय’ला अशी प्रस्तावना लाभली नाही, याची मला हळहळ वाटते.

माझा कौल विचाराल तर ‘मृत्युंजय’ ही अपमानाची मोठी कादंबरी आहे, सत्तेची नाही. अपमान कसा साठतो, मैत्री नावाची गोष्ट त्या अपमानावर कशी मलम होते आणि ते मलमच पुढे माणसाला कसं बांधून ठेवतं, हे तिने जितक्या वाचकांना समजावलं तितकं दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकाने समजावलं नसेल. द्रौपदीच्या बाबतीत तिने अन्याय केला आहे. सूताच्या घरच्या मुलाला तिने वाटेत सोडलं आहे. या दोन्ही गोष्टी मान्य करूनही मी ती सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात देईन, मात्र सोबत ‘युगान्त’ देईन.

वैराग, बार्शी आणि आसपासच्या वाचनालयांना म्हणून एक विनंती आहे. नव्या वर्षाच्या ग्रंथखरेदीत ‘मृत्युंजय’ची आणखी एक प्रत घेण्याआधी ‘युगान्त’, दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’, ‘पर्व’ आणि पणशीकरांचं पुस्तक कपाटात आहे का ते पाहा. नसेल तर घ्या, आणि ती सगळी एका फळीवर ठेवा. मग गावातल्या वाचकांना एका संध्याकाळी बोलवा आणि कर्णावर चर्चा ठेवा. त्या चर्चेत पहिलं बोलायला मुलींना द्या.